उतार राहिला होता: ५६ वर्षांच्या धावपटूचा पावसाळ्यानंतरचा हंगाम

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना आमच्या धावणाऱ्यांच्या गटात सगळे ‘बाई’ म्हणतात. वय ५६, राहायला ठाणे पश्चिमेला, प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षं शिकवून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. धावायला लागल्या पंचेचाळिशीत. मी त्यांचा प्रशिक्षक; त्यांच्या संमतीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या वर्षी बाईंनी तीन शर्यतींत नाव घातलं. सप्टेंबरमध्ये साताऱ्याची घाटातली हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर), ऑक्टोबरच्या अखेरीस नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर १० किलोमीटर आणि डिसेंबरात खारघरला मैदानावरची ६ किलोमीटरची क्रॉस-कंट्री. घाट, डांबर आणि माती, तिन्हींची मागणी वेगळी. बाईंचा दम चांगला होता. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन त्यांनी २ तास १२ मिनिटांत केली होती आणि पावसाळाभर ठाण्यातल्या उपवनहून येऊरच्या टेकडीचा चढ नेमाने केला होता. चढावर त्या चाळिशीतल्या बायकांच्या बरोबरीने असत. त्यामुळे साताऱ्याची काळजी कोणालाच नव्हती.

साताऱ्यात काय झालं

या शर्यतीचा मार्ग इकडच्या धावणाऱ्यांना पाठ असतो. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. वरच्या अंगाला थोडा वर-खाली रस्ता सोडला तर जाताना चढ आणि येताना उतार.

बाई वळणापर्यंत १ तास १९ मिनिटांत पोचल्या. परतीला त्यांना १ तास १६ मिनिटं लागली. वळणावर त्यांच्या आगेमागेच असलेल्या गटातल्या दोघी, एक ४१ वर्षांची आणि एक ४८ची, तेवढाच पल्ला १ तास ४ मिनिटांच्या आसपास उतरून आल्या. म्हणजे चढावर बरोबरी आणि उतारावर बारा मिनिटांची पिछाडी.

बाईंचं म्हणणं, “शेवटी दमले असेन.” घड्याळातली नोंद वेगळं सांगत होती. चढावर त्यांची नाडी १५५ ते १६० होती, उतारावर १२५ ते १३०. त्यांच्या वयाला कमाल नाडीचा अंदाज सुमारे १६९ येतो (२०८ वजा वयाच्या ०.७ पट; ‘२२० वजा वय’ हे जुनं सूत्र साठीच्या आसपास बहुधा कमी आकडा दाखवतं). याचा अर्थ परतीच्या वाटेवर हृदय आणि फुप्फुसं जवळजवळ आरामात होती. दम शिल्लक होता, तरीही वेग येत नव्हता. हा विसंगत आकडा दिसला आणि माझ्या दृष्टीने प्रकरण तिथे सुरू झालं.

पुढचे चार दिवस घरी गेले. बाई लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. वर चढायला त्रास नव्हता. खाली उतरताना मात्र कठडा धरून, पाठमोरं, एकेक पायरी. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की खुर्चीत बसताना शेवटचा वीतभर प्रवास त्या धप्पकन करत. चढता येतं आणि उतरता येत नाही, हे लक्षण शर्यतीतल्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होतं.

स्नायूच्या बाजूने पाहिलं तर

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावतो आणि शरीराला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, प्रत्येक पावलाला शरीराची घसरण रोखतो. या ताणाखालच्या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून नाडी वाढत नाही आणि धावणाऱ्याला वाटतं की आपण मजेत आहोत. स्नायूवर बल मात्र जास्त पडतं आणि तंतूंना बारीक इजा होत राहते. दुखणं लगेच येत नाही. २४ ते ७२ तासांत ते शिगेला पोचतं, आणि कधी कधी दुखणं ओसरल्यावरही ताकद पूर्ण परतलेली नसते.

वय वाढतं तसा यात आणखी एक घटक येतो. चपळ, जोरकस हालचालींचे जे स्नायुतंतू असतात ते वयानुसार आधी आणि अधिक कमी होतात. अचानक पाऊल सावरायला, घसरण रोखायला नेमके तेच लागतात. दम टिकवणारे तंतू नियमित धावण्याने बऱ्यापैकी शाबूत राहतात. म्हणूनच पन्नाशीनंतरचा नियमित धावणारा माणूस चढाला तरुणांसोबत दिसतो आणि उताराला मागे पडतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं. त्याचा परिणाम हाडांवर होतो हे सर्वांना ठाऊक असतं, स्नायूंच्या सावरण्यावरही तो होतो याकडे कमी लक्ष जातं.

घाट उतरताना एसटीचा चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो, सबंध घाटभर ब्रेकवर पाय देऊन बसत नाही. बाई मात्र दहा किलोमीटर ब्रेक दाबून उतरल्या होत्या.

तपासणी

दुखणं शमल्यावर, दहाव्या दिवशी, आम्ही तीन साध्या गोष्टी पाहिल्या. सोबत आमच्या गटातल्या फिजिओथेरपिस्ट होत्या.

पहिली पायरीची. सुमारे २० सेंटिमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहायचं आणि चार अंक मोजत दुसऱ्या पायाची टाच जमिनीला टेकवायची. डाव्या पायावर बाईंनी पंधरा वेळा हे नीट केलं. उजव्या पायावर सातव्या वेळेपासून गुडघा आतल्या बाजूला पडायला लागला आणि कंबर एका अंगाला झुकली. दुसरी चाचणी टाचा उचलण्याची, एका पायावर, भिंतीला बोटं टेकवून: डावीकडे २१, उजवीकडे १३. तिसरी येऊरच्या रस्त्यावर, फोनवर काढलेल्या व्हिडिओतून. हळू चालवून पाहिलं तर पाऊल शरीराच्या बरंच पुढे पडत होतं, गुडघा जवळजवळ ताठ, खांदे मागे. सपाटीवर त्यांची मिनिटाला १६८ पावलं पडतात, उतारावर ती १५० वर आली होती. कमी आणि लांब पावलं, प्रत्येक पावलाला धक्का.

तिसऱ्या चाचणीच्या वेळी एक गोष्ट बाईंनी आपणहून सांगितली, जी कुठल्याच घड्याळात येत नाही. त्यांच्या आई पडून खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्या पुन्हा नीट चालू शकल्या नव्हत्या. “उतारावर मला त्याच दिसतात,” म्हणाल्या. मागे रेललेले खांदे आणि ताठ गुडघा यांत भीतीचा वाटा किती आणि तंत्राचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण भीती निराधार नव्हती, म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन हाडांची घनता मोजून घ्यायला सांगितलं. मणक्याचा टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे १.७ आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार उणे १ ते उणे २.५ ही विरळ होऊ लागलेल्या हाडांची पायरी, उणे २.५ पासून पुढे अस्थिसुषिरता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. डॉक्टरांनी धावणं थांबवायला सांगितलं नाही. उलट वजन घेऊन व्यायाम सुरू करायला सांगितलं आणि औषध-गोळ्यांचं ते स्वतः पाहणार होते. त्यात मी पडलो नाही, कोणत्याही प्रशिक्षकाने पडू नये.

गटातला वाद

बाईंनी पाम बीचच्या शर्यतीतून माघार घ्यावी असं काही जणांचं मत होतं. काहींचं म्हणणं उलट: लगेच येऊरला हिल रिपीट, म्हणजे एकाच चढावर पुन्हा पुन्हा धावणं, सुरू करा, उतारावर पाय सोडून द्या, आपोआप सवय होईल. “उतार तर फुकटचा असतो,” हे वाक्य मी ठाण्यात प्रत्येक गटात ऐकलं आहे. पंचविशीतल्या मुलाला हा सल्ला चालून जातो. त्याच्या मांड्या धक्का झेलतात आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा धावतो. ५६व्या वर्षी, उजवा पाय सातव्या पायरीला सुटत असताना, पाय सोडून देणं म्हणजे पडण्याची व्यवस्था करणं. माघारही मला पटत नव्हती. सपाट रस्त्यावरच्या दहा किलोमीटरला बाईंच्या शरीरात कोणतीही अडचण नव्हती, अडचण उताराला होती.

आणखी एक गोंधळ निस्तरायचा होता. बाईंनी साठीतल्या एका इंग्लिश धावपटूचं बारा आठवड्यांचं वेळापत्रक मिळवलं होतं. चांगलं, विचारपूर्वक केलेलं वेळापत्रक, पण त्यांच्या हवेसाठी. इंग्लंडमध्ये क्लबांचा क्रॉस-कंट्री हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि हिवाळाभर चालतो. गवत ओलं, चिखल मऊ, हवा दर आठवड्याला थंड होत जाणारी. टेकड्यांवरच्या शर्यतींमधले उतारही बहुधा गवताचे. त्या वेळापत्रकात सर्वांत कठीण आठवडे ऑक्टोबरमध्ये होते आणि तिकडे ते बरोबरच आहे. आपल्याकडे मुंबई परिसरातून मोसमी पाऊस सरासरीने ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो आणि मग ऑक्टोबर हीट. महिन्याचं सरासरी कमाल तापमान ३३ अंशांच्या पुढे, पहाटेही दमटपणा चिकटलेला. ऑगस्टमधल्या ढगाळ, भिजलेल्या सकाळी ठाण्यात जे अंतर सहज कापलं जातं, तेच ऑक्टोबरात अंगावर येतं. शिवाय आपल्या घाटांचे उतार डांबरी.

म्हणून ते वेळापत्रक आम्ही उलटं केलं. अवघड कष्टाचे आठवडे ऑक्टोबरमधून काढून नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाकले. ऑक्टोबर फक्त ताकदीला आणि उष्णतेची सवय करायला ठेवला. उष्णतेची सवय शरीराला साधारण १० ते १४ दिवसांत लागते: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो. त्यासाठी कडक धावण्याची गरज नसते, रोज तासभर संथ धावलं तरी पुरतं.

नवरात्र मध्येच होतं

परदेशी वेळापत्रकात जे कधीच नसतं ते बाईंच्या कॅलेंडरमध्ये ठळक होतं. गौरी-गणपती साताऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात येऊन गेले होते. तीन दिवस सोवळ्यातला स्वयंपाक, पाहुणे, जागरण. ओट्यापाशी तासन् तास उभं राहून पाय आधीच थकलेले होते. आता घट बसणार होते आणि बाई नऊ दिवस उपवास करतात. त्यानंतर दिवाळीचा फराळ, आणि लगेच पाम बीच.

उपवास सोडायला सांगणं मला योग्य वाटलं नाही आणि त्यांनी ते ऐकलंही नसतं. प्रश्न इतकाच की इजा झालेला स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. वाढत्या वयात, आणि त्यात व्यायाम करणाऱ्याला, दर किलो वजनामागे दिवसाला किमान १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असावीत असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. बाईंचं वजन ५४ किलो, म्हणजे ६५ ग्रॅम. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. आम्ही त्यांच्याच उपवासाच्या ताटात हिशेब बसवला. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम, पनीरमध्ये १८ च्या आसपास. मग सकाळी दूध आणि राजगिऱ्याचे लाडू, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी पनीर किंवा घट्ट दही, मध्ये ताक. साबुदाणा फक्त एकदा, तोही आवडीसाठी. नऊ दिवसांत एकही कडक व्यायाम ठेवला नाही. कचराळी तलावाभोवती संथ फेऱ्या आणि घरातले पायऱ्यांचे व्यायाम. पाणी पितानाही बंधन नव्हतं, त्यामुळे उष्णतेची सवयही चालू राहिली.

धावणाऱ्या बायकांशी बोलताना सणवार ‘अडथळा’ म्हणून बाजूला ठेवणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. बाईंच्या वर्षात गौरी येणार आणि घट बसणार, हे शर्यतीच्या तारखेपेक्षा पक्कं असतं. वेळापत्रक त्यांच्याभोवती आखावं लागतं.

सहा आठवड्यांचं काम

पहिल्या पंधरवड्यात उतार पूर्ण बंद. येऊरला जायचं असेल तर चढ धावत आणि परत चालत. तेही उजाडल्यावर, गटाने आणि डांबरी रस्ता न सोडता. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्याचं घर आहे, धावणाऱ्यांनी पायवाटांवर हक्क सांगू नये असं मला वाटतं.

तिसऱ्या आठवड्यापासून उताराचा डोस सुरू झाला आणि तो मुद्दाम हास्यास्पद वाटेल इतका लहान ठेवला: मंद उताराचे शंभर मीटर, चार वेळा, आठवड्यातून एकदा. बाईंना ते अपमानास्पद वाटलं. पण स्नायूची एक विलक्षण सवय आहे. ताणाखालच्या कामाची एक लहान मात्रा मिळाली की पुढच्या वेळी त्याच कामाने इजा लक्षणीयरीत्या कमी होते, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. मात्रा मोठी असायला लागत नाही. साताऱ्याआधी बाईंनी येऊर कितीदा तरी केला होता, पण प्रत्येक वेळी उतरताना त्या गप्पा मारत चालत किंवा ब्रेक दाबत आल्या होत्या. उताराचं खरं काम त्यांच्या मांड्यांनी पावसाळाभर केलंच नव्हतं.

डोस वाढत गेला: दीडशे मीटर, मग दोनशे, मग थोडा तीव्र उतार. सूचना एकच, पावलं छोटी आणि भरभर. ‘मान खाली, नजर पाच पावलं पुढे, गुडघा सैल’ असं सगळं एकदम सांगून उपयोग नसतो. मिनिटाला १६५ च्या पुढे पावलं पडू लागली की पाऊल आपोआप शरीराखाली येतं आणि गुडघा वाकतो. फोनवर ठोका लावून त्या उतरायच्या. भीतीवरही याचाच उपयोग झाला. लहान पाऊल घसरलं तरी सावरता येतं, हे शरीराला कळलं की खांदे मागे रेलायचं थांबतात. हे मी त्यांना पटवून दिलं नाही, चौथ्या आठवड्यात व्हिडिओ पाहताना त्यांनीच दाखवलं.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, घरातच. पायरीवरून चार अंकांत खाली उतरणं. खुर्चीवर पाच अंकांत बसणं आणि झटकन उठणं. पायरीच्या कडेवर दोन पायांनी टाचा उचलून एका पायावर सावकाश खाली येणं. पाठीवरच्या सॅकमध्ये आधी दोन किलो तांदूळ, शेवटी सहा. उजव्या पायाला एक आवर्तन जास्त. पुढचा दिवस नेहमी हलका. वयस्क धावपटूच्या वेळापत्रकात मी दोन कडक दिवसांमध्ये किमान दोन सोपे दिवस ठेवतो आणि तिथे तडजोड करत नाही.

पाम बीच

वाशी ते बेलापूर हा रस्ता सपाट. सुरुवात सूर्य उगवायच्या आधी, पण हवा दमट आणि थांबलेली. बाईंनी ५८ मिनिटांचं स्वप्न धरलं होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही ते सोडलं आणि ठरवलं की पहिल्या पाच किलोमीटरला नाडी १५० च्या वर जाऊ द्यायची नाही, मग जे होईल ते.

दमट उन्हात जिद्द काय करते याचं एक जुनं उदाहरण मी गटाला नेहमी सांगतो. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीची शर्यत कडक उन्हाळ्यात भर दुपारच्या उकाड्यात झाली. पावो नुर्मी जिंकला, पण ३८ जणांपैकी फक्त १५ जण शर्यत पूर्ण करू शकले. त्यानंतर क्रॉस-कंट्री ऑलिंपिकमधून गेली ती गेलीच. ते जगातले निवडक तरुण धावपटू होते.

बाईंची वेळ १ तास ४८ सेकंद. पहिले पाच किलोमीटर ३०:४०, दुसरे ३०:०८. वाटेत प्रत्येक पाणपोईवर दोन घोट आणि एक पेला डोक्यावर. त्या वेळेवर खूश नव्हत्या. मी होतो, कारण दुसऱ्या दिवशी पाय भरून आले नाहीत आणि तीन दिवसांनी त्या पुन्हा उताराचा सराव करत होत्या. डिसेंबरच्या शर्यतीला पाच आठवड्यांहून जास्त वेळ पूर्णपणे कामाचा मिळाला.

खारघर

नोव्हेंबरच्या मध्यावर पहाटे गारवा आला आणि राखून ठेवलेले कष्ट तेव्हा सुरू केले. बेलापूरच्या पारसिक हिलवर चढाचे छोटे तुकडे, आणि आता उताराचेही. खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये गवतावर धावणं. क्रॉस-कंट्रीत पाऊल कुठे कसं पडेल याचा भरवसा नसतो: गवताखाली खड्डा, वाळलेल्या चिखलाचे कंगोरे, मग अचानक भुसभुशीत माती. डांबरावर आयुष्य गेलेल्या घोट्याला हे शिकवावं लागतं. पावसाळ्यात ओलं असलेलं आपल्याकडचं मैदान डिसेंबरपर्यंत टणक होतं, त्यामुळे इंग्लंडमधल्यासारखे खिळ्यांचे स्पाइक्स इथे फारसे उपयोगी नाहीत. शिवाय स्पाइक्सची टाच सपाट असते, पोटरीवर आणि घोट्यामागच्या शिरेवर (अकिलीस टेंडनवर) ताण वाढतो. बाईंची उजवी पोटरी पाहता तो प्रश्नच नव्हता. खोल नक्षीच्या तळव्याचे ट्रेलचे बूट घेतले.

शर्यत तीन फेऱ्यांची, प्रत्येक फेरीत बांधावरून उतरणारे दोन तीव्र उतार. मी पहिल्या उताराच्या पायथ्याशी उभा होतो. पहिल्या फेरीत बाई जपून उतरल्या. दुसऱ्या फेरीत उतारावर एकीला मागे टाकलं, तिसऱ्या फेरीत दोघींना. चढावर कोणालाही नाही! गेल्या काही वर्षांत त्यांनी कुणाला उतारावर गाठलेलं मी पाहिलं नव्हतं. एकूण वेळ ३८ मिनिटं आणि काही सेकंद, तिसरी फेरी सर्वांत वेगवान.

निकालात त्या सातव्या. गट होता ‘४५ वर्षांवरील महिला’, आणि त्यांच्या पुढच्या सहाही जणी पन्नाशीच्या आतल्या. हे मला मनापासून खटकतं. जागतिक मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये ३५ पासून पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. शिवाय वय आणि लिंग यांनुसार वेळेची टक्केवारी काढायची तक्ते-पद्धत आहे, जिने ४६ आणि ६८ वर्षांच्या धावपटूंची न्याय्य तुलना होते. आपल्याकडे बक्षिसांचा खर्च वाचवायला वीस-पंचवीस वर्षांचा एकच गट करतात. चषक देऊ नका, पण निकालपत्रकात पाच-पाच वर्षांचे गट छापायला काय लागतं? साठीतली बाई पुढच्या वर्षी परत येईल की नाही, हे बऱ्याचदा अशा गोष्टीवर ठरतं.

आकडे काय सांगतात

खारघरनंतर दहा दिवसांनी आम्ही येऊरच्या रस्त्यावर तोच दोन किलोमीटरचा उतार पुन्हा धावून घेतला, ज्याची ऑगस्टमधली नोंद बाईंच्या घड्याळात होती. ऑगस्टमध्ये १३ मिनिटं २० सेकंद, आता ११:३५. पावलं मिनिटाला १५० ऐवजी १६६. नाडी १२४ वरून १३९. नाडी वाढली ही इथे चांगली बातमी, कारण आता पाय हृदयाला काम देऊ शकत होते. उजव्या पायावर पायरीची चाचणी सहावरून तेरावर, टाच उचलणं तेरावरून एकोणीसवर. दुसऱ्या दिवशी मांड्या किंचित जड, जिना नेहमीसारखा.

डिसेंबरची कोरडी, गार हवा आणि ऑगस्टची दमट हवा यांत फरक असतोच, म्हणून सगळं श्रेय प्रशिक्षणाला देत नाही. पण ऑगस्टमध्ये उतारावर बाईंना अडवत होती ती हवा नव्हती. नाडी १२४ वर असताना उकाडा माणसाला इतका थोपवत नाही. या सुधारणेत हवेचा वाटा थोडाच असावा असं माझं मत आहे. भीतीचा वाटा किती कमी झाला हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. बाई म्हणतात, “आई अजून दिसते, पण मी थांबत नाही.”

अजून सुटलेलं नाही

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उजव्या टाचेच्या वर, घोट्यामागच्या शिरेत, सकाळी उठल्यावर ताठरपणा जाणवायला लागला. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर जातो. खारघरची ओबडधोबड माती आणि नोव्हेंबरमधले चढ या दोन्हींचा तो परिणाम असणार. टाच उचलण्यात उजवा पाय अजून डाव्याच्या मागे आहे, हेही कारण आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची हाफ मॅरेथॉन आहे आणि तिच्यात पेडर रोडचा चढ-उतार आहे.

बाईंनी ती धावायची असं ठरलं आहे, अटींसह. तोवर चढ आणि उतार दोन्ही बंद, फक्त सपाट रस्ता. टाचेचे सावकाश, वजन घेऊन केलेले व्यायाम एक दिवसाआड. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या पुढे टिकला, किंवा धावल्याच्या दुसऱ्या दिवशी दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं, तर बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) घरी राहील. हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं आहे.

पुढच्या साताऱ्यासाठी उताराचा सराव जूनपासून पारसिक हिलवर सुरू होईल, दर दोन-तीन आठवड्यांनी एक लहान डोस, गणपतीच्या आठवड्यात सुट्टी. हाडांची घनता पुन्हा केव्हा मोजायची ते डॉक्टर ठरवतील.